मंद आज्ञावलीस वेग कसा आणावा?

संगणक ही वस्तु आतां रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांस नवलाची राहिलेली नाहीं. कित्येक मुलें व मुली पायथनसारख्या भाषेंत लहानसहान आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, स्वतः लिहूं लागलीं आहेत. ही भाषा १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें आली. ती वाचावयास सोपी व लिहावयास आटोपशीर असल्यामुळें नवशिक्यांस प्रिय झाली, हें योग्यच आहे. परंतु काम थोडें मोठें झालें, कीं उत्तर पडद्यावर येण्यास विलंब लागूं लागतो. मग 'यंत्र जुनें झालें, नवें घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं,' असा निकाल देऊन मुलें वडिलांकडे हट्ट धरतात. पालकांस हा प्रश्न कांहीं हजार रुपयांचा असतो. विद्यार्थ्यांस तो त्याहूनही मोलाचा आहे. कारण दोष यंत्राचा आहे कीं आपल्या विचाराचा, हें न तपासतांच यंत्रास बोल लावण्याची संवय एकदां जडली, म्हणजे ती पुढें सर्वच कामांत नडते.

ह्या लेखांत सांगावयाचें तें इतकेंच कीं, वेग प्रथम विचारांत आणावा, मग आज्ञावलींत, आणि सर्वांत शेवटीं यंत्रांत. हा क्रम उलटा केल्यास पैसा जातो आणि वेगही येत नाहीं. ही गोष्ट नुसत्या उपदेशानें पटणार नाहीं. म्हणून एक उदाहरण आरंभापासून शेवटपर्यंत करून पाहूं.

उदाहरण महाराष्ट्रांतील एका शाळामास्तरांच्या गणितांतून घेतलें आहे. श्री. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. नाशिकजवळील देवळाली येथें १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं शिक्षकाचें काम केलें, आणि फावल्या वेळांत संख्यांच्या गुणधर्मांचा शोध चालविला. आपल्या जिल्ह्याचाही एक धागा त्यांच्या चरित्रांत गुंफलेला आहे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतांना १९२७ सालीं त्यांस गणिताचें जें पारितोषिक मिळालें, तें रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें होतें; आणि १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनिअर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवचे. कापरेकरांजवळ कागद, लेखणी व चिकाटी एवढेंच साहित्य होतें. भारतांत पहिला इलेक्ट्रॉनिक अंकी संगणक कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें आला, तो १९५५ च्या सुमारास. ज्यास सर्व गणित हातानें करावयाचें असतें, त्यास व्यर्थ श्रम परवडत नाहींत. आपल्या हातीं यंत्र आहे म्हणून श्रम व्यर्थ दवडावे, असें मात्र नाहीं.

कापरेकरांनीं ज्या संख्यांचा अभ्यास केला, त्यांपैकीं एका वर्गास स्वयंभू संख्या म्हणतात. कोणतीही संख्या घ्या व तिच्यांत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतल्यास २ आणि १ यांची बेरीज ३. ती मिळवून २४ येतात. अर्थात् २१ ही २४ ची जनक संख्या होय. परंतु २० ही संख्या अशा रीतीनें कोणत्याच संख्येपासून निघत नाहीं. तिला जनक नाहीं, म्हणून ती स्वयंभू. शंभराच्या आंत अशा १३ संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. आतां प्रश्न असा कीं, एक लक्षापर्यंतच्या सर्व स्वयंभू संख्या संगणकाकडून शोधून घ्यावयाच्या आहेत. आज्ञावली कशी लिहावी?

नवशिका विद्यार्थी सरळ मार्गानें जातो. एक पासून एक लक्षापर्यंतची एकेक संख्या तो हातीं घेतो आणि तिच्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येस विचारतो, 'तूं हिची जनक आहेस काय?' सर्वांनीं नाहीं म्हटलें, कीं ती स्वयंभू. विचार अगदीं शुद्ध आहे. उत्तरही बरोबर येईल. पण श्रम किती झाले, तें मोजा. प्रत्येक संख्येमागें सरासरी पन्नास हजार प्रश्न, आणि संख्या एक लक्ष. म्हणजे एकंदर सुमारें ५०० कोटी प्रश्न झाले. समजा, आपलें यंत्र एका सेकंदांत असे दहा लक्ष प्रश्न विचारून संपवितें. तरी ह्या कामास ५,००० सेकंद, म्हणजे १ तास २३ मिनिटें २० सेकंद लागतील. वडिलांनीं पदरमोड करून दुप्पट वेगाचें यंत्र आणून दिलें, तरी ४१ मिनिटें ४० सेकंद वाट पाहणें सुटत नाहीं.

आतां यंत्र तेंच ठेवून क्षणभर विचार करूं. जनक संख्येंत तिच्या अंकांची बेरीज मिळवावयाची असते. पांच अंकी संख्येंत अंकांची बेरीज अधिकांत अधिक किती होईल? सर्व अंक ९ असले, तर ४५. म्हणजे कोणत्याही संख्येचा जनक तिच्या मागें ४५ पावलांच्या आंतच असला पाहिजे. मग ८०,००० ह्या संख्येचा जनक शोधण्यासाठीं १२ किंवा ३,५०० ह्यांस विचारण्यांत काय हंशील? प्रत्येक संख्येमागें फार तर ४५ प्रश्न पुरे. एकंदर प्रश्न झाले ४५ लक्ष, आणि वेळ साडेचार सेकंद. जेथें सव्वा तासाहून अधिक वेळ लागत होता, तेथें पाणी पिऊन होण्यापूर्वीं काम उरकलें. यंत्रास कोणी हातही लावला नाहीं.

याहूनही चांगला मार्ग आहे, आणि तो प्रश्न उलटा फिरविल्यानें सांपडतो. 'तुझा जनक कोण?' असें विचारण्याऐवजीं, प्रत्येक संख्येस एकदांच विचारावें, 'तुझ्यापासून कोण उत्पन्न होतें?' एक लक्ष कोरीं घरें आंखलेला तक्ता मांडावा. १ पासून निघते २. दुसऱ्या घरावर खूण करावी. २ पासून निघते ४. चौथ्या घरावर खूण करावी. २१ पासून २४; चोविसाव्या घरावर खूण. जी संख्या तक्त्याबाहेर जाईल, ती सोडून द्यावी. शेवटीं जीं घरें कोरीं राहिलीं, त्या स्वयंभू संख्या. एकंदर प्रश्न एक लक्ष. वेळ सेकंदाचा सुमारें दहावा भाग, शिवाय तक्ता एकदां चाळण्याचा अल्प वेळ. ५०० कोटींपासून आपण एक लक्षावर आलों, म्हणजे श्रम पन्नास हजारपट घटले. ह्यासाठीं किंमत मोजावी लागली नाहीं असें नाहीं. तक्ता ठेवण्यास संगणकाच्या स्मृतींत जागा द्यावी लागली. वेळ वांचविण्यासाठीं जागा खर्चणें हा ह्या विद्येंतील नेहमींचा व्यवहार आहे, आणि तो करतांना दोन्हीं बाजू पाहाव्या.

परंतु प्रत्येक आज्ञावलींत दोष इतका उघड नसतो. लांबलचक आज्ञावली मंद चालूं लागली, म्हणजे विलंब कोठें होतो ह्याविषयीं तर्क करण्याचा मोह होतो, आणि तो तर्क पुष्कळदां चुकतो. वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं, तसें मोजल्यावांचून कोणतीही सुधारणा करूं नये. पायथनमध्यें ह्यासाठीं सीप्रोफाइल नांवाचें साधन भाषेबरोबरच मिळतें. कोणतें काम किती वेळां झालें व त्यांत किती वेळ गेला, ह्याचा ताळेबंद तें मांडून देतें. मोजण्याचें महत्त्व एका हिशोबानें कळेल. समजा, एका आज्ञावलीस १०० सेकंद लागतात. त्यांतील ९० सेकंद एका भागांत व १० सेकंद दुसऱ्या भागांत जातात. दुसरा भाग आपण दसपट जलद केला, तर एकंदर वेळ ९१ सेकंद होईल. कष्ट बहुतेक वायां गेले. तेच कष्ट पहिल्या भागावर केले, तर वेळ १९ सेकंदांवर येईल. हा नियम जीन अ‍ॅमडाल यांनीं १९६७ सालीं समांतर चालणाऱ्या यंत्रांच्या संबंधांत मांडला. पण तो आपल्या अभ्यासासही लागू आहे. ज्या विषयांत गुण जातात त्यास वेळ न देतां आवडत्याच विषयाची उजळणी करणारा विद्यार्थी हीच चूक करीत असतो.

मोजून पाहिल्यावर बहुधा दोन दोष आढळतात. पहिला दोष म्हणजे एकदां करावयाचें काम पुनःपुन्हां करणें. समजा, ६०० विद्यार्थ्यांचें सहा विषयांचें निकालपत्रक तयार करावयाचें आहे, आणि आज्ञावली प्रत्येक गुण वाचण्यासाठीं तीच फाइल उघडते, वाचते व बंद करते. फाइल ३,६०० वेळां उघडली गेली! घागर हाताशीं असतां विहिरीवरून एक एक पेला पाणी आणण्याचा हा प्रकार होय. फाइल एकदांच उघडावी, सर्व गुण स्मृतींत घ्यावे, आणि मग निवांतपणें पत्रक करावें.

दुसरा दोष म्हणजे वस्तु चुकीच्या जागीं ठेवणें. अनेक नांवें यादींत ठेवून 'हें नांव यादींत आहे काय?' असें विचारलें, तर संगणक पहिल्या नांवापासून वाचीत जातो. नांव नसलें, तर तो शेवटापर्यंत वाचतो. पायथनमध्यें यादीप्रमाणेंच संच व शब्दकोश अशाही रचना आहेत. त्यांत प्रत्येक नांवावरून एक आंकडा काढून त्या आंकड्याच्या जागेजवळच तें ठेवलें जातें. म्हणून शोधतांना संगणक बहुतेक वेळां थेट त्या जागीं जातो. हजेरीपटांतील क्रमांक ठाऊक असलेल्या मुलाचें नांव आणि क्रमांक ठाऊक नसलेल्या मुलाचें नांव शोधण्यांत जें अंतर आहे, तेंच येथें आहे. स्वयंभू संख्यांच्या आज्ञावलींत खुणा तक्त्यावर न करतां त्या यादींत लिहून ठेवल्या, आणि प्रत्येक वेळीं ती यादी वाचून पाहिली, तर मिळविलेला वेग पुन्हां हातचा जाईल.

विचारानें श्रम किती घटवितां येतात, ह्याचें सर्वांत सुंदर उदाहरण कापरेकरांच्याच दुसऱ्या शोधांत आहे. १९४९ सालीं त्यांनीं ६१७४ ह्या संख्येचा गुणधर्म दाखवून दिला. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमानें मांडा, मग चढत्या क्रमानें मांडा, आणि मोठींतून लहान वजा करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. पुन्हां ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हां ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पुढें कितीही वेळां केलें, तरी ६१७४ च येणार. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला, तरी फार तर सात पावलांत ह्या मुक्कामीं पोंचतां येतें. मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ सालीं आपल्या मासिक लेखमालेंत कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां देवळालीच्या ह्या शिक्षकांचें नांव परदेशांतील वाचकांपर्यंत पोंचलें.

हा गुणधर्म खरा आहे हें सर्व संख्या घेऊन पडताळावयाचें आहे. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या. सारख्या अंकांच्या दहा वगळल्या, तर ९,९९० उरतात. पण जरा थांबा. ३५२४ काय, ५२४३ काय, किंवा २३४५ काय, अंक मांडून घेतल्यावर सर्व एकच. म्हणून अंकांचा क्रम सोडून केवळ अंकांचे निरनिराळे गट पाहिले, तर ते ७०५ च भरतात. आतां बीजगणिताची मदत घेऊं. उतरत्या क्रमानें मांडलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी काय येते? अ आणि ड यांच्या अंतराची ९९९ पट, अधिक ब आणि क यांच्या अंतराची ९० पट. ३५२४ मध्यें पहिलें अंतर ३ व दुसरें १, २,९९७ आणि ९० मिळून ३,०८७, ताळा जुळला. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर दोन अंतरांवर अवलंबून आहे. पहिलें अंतर १ पासून ९ पर्यंत, आणि दुसरें शून्यापासून पहिल्याइतकें. अशा जोड्या अवघ्या ५४ आहेत. ९,९९० तपासण्यांचें काम ५४ वर आलें. बरोबर एकशें पंचाऐंशीवा हिस्सा! हें काम तर संगणकावांचून, पाटीवरही एका दुपारीं होण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, दहा हजार संख्यांचें काम यंत्र पाहतां पाहतां करील. मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे. चार अंकांपुरतें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तोच प्रयोग आठ अंकी संख्यांवर केला, तर संख्या होतात दहा कोटी. अंकांचे गट केले, तर ते २४,३१०. आणि अंतरांचे प्रकार केवळ ७१५. काम वाढलें म्हणजे यंत्राचा वेग थिटा पडतो. विचाराचा वेग मात्र अधिकच खुलून दिसतो.

आतां उरलेल्या कामाकडे वळूं. श्रम घटवून झाल्यावरही कांहीं आज्ञावल्या मंदच राहतात; कारण भाषेचीही एक मर्यादा आहे. सी सारख्या भाषेंत लिहिलेला मजकूर आधींच सबंध यंत्राच्या भाषेंत उतरवून ठेवतात. तें एखाद्या ग्रंथाच्या छापील भाषांतरासारखें आहे. पायथन प्रथम मजकुराला एक मधलें सांकेतिक रूप देतें, आणि मग त्यांतील एकेक आज्ञा वाचून ती पार पाडतें. येथें यंत्र व आपण यांच्यामध्यें जणूं एक दुभाषा उभा असतो. तेंच वाक्य लक्ष वेळां आलें, तरी तो तें लक्ष वेळां वाचतो, आणि पुढची वस्तु संख्या आहे कीं शब्द आहे, ह्याचीही प्रत्येक वेळीं चौकशी करतो. ह्या सावधपणामुळेंच ही भाषा सोपी व सोयीची झाली आहे. पण त्यामुळेंच ती मंदही आहे.

ह्यावर उपाय असा कीं, दुभाष्यास हजार लहान वाक्यें सांगण्याऐवजीं एकच मोठें वाक्य सांगावें. यादींतील आंकड्यांची बेरीज एकेक आंकडा घेऊन स्वतः करण्यापेक्षां भाषेंतील तयार बेरजेची आज्ञा द्यावी. क्रम लावणें असेल, तर तयार क्रमाची आज्ञा द्यावी. प्रचलित पायथनमध्यें ह्या आज्ञांचें आंतील काम सी भाषेंत लिहिलेलें असतें, म्हणून तें झपाट्यानें होतें. आंकड्यांच्या मोठ्या रांगांसाठीं नमपाय नांवाचा ग्रंथसंग्रह ह्याच तत्त्वावर उभारला आहे. पायपाय नांवाची दुसरी योजना वारंवार येणारा भाग ओळखून तो चालू असतांनाच यंत्राच्या भाषेंत उतरविते. हे सर्व उपाय चांगले आहेत. परंतु ज्यानें ५०० कोटी प्रश्न तसेच ठेवले, त्यास ह्यांपैकीं कोणत्याही उपायानें शंभर पट वेग मिळाला, तरी तो एक लक्ष प्रश्न विचारणाऱ्याच्या पुष्कळ मागें राहील.

एक सूचना विसरतां कामा नये. जलद आलेलें चुकीचें उत्तर मंदपणें आलेल्या बरोबर उत्तरापुढें कवडीमोल आहे. म्हणून मंद असली तरी शुद्ध असलेली पहिली आज्ञावली फेकून देऊं नये. तिच्याकडून लहान काम, उदाहरणार्थ एक हजारापर्यंतच्या स्वयंभू संख्या, काढून घेऊन उत्तर जपून ठेवावें, आणि प्रत्येक सुधारणेनंतर नव्या आज्ञावलीचें उत्तर त्याच्याशीं ताडून पाहावें. एका वेळीं एकच सुधारणा करावी. नाहीं तर वेग कशानें आला व चूक कशानें शिरली, तें कळत नाहीं. तसेंच वर्षांतून एकदां चालावयाची आज्ञावली दहा सेकंदांऐवजीं दोन सेकंदांत संपावी, म्हणून आठवडा खर्च करणें हेंही शहाणपणाचें नव्हे. पुरेसा वेग आला, म्हणजे थांबावें.

पालकांस इतकीच विनंति आहे कीं, मुलानें नवें यंत्र मागितलें, तर त्यास रागें भरूं नये आणि लागलीच रुकारही देऊं नये. 'वेळ कोठें जातो तें मोजून पाहिलेंस काय? तेंच काम थोड्या श्रमांत होतें काय?' हे दोन प्रश्न विचारावे. दोन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, आणि तरीही यंत्र अपुरें पडत असेल, तर त्या मुलाची मागणी खरी आहे असें समजावें. त्यानें ती कमावलेली आहे.

विद्यार्थ्यांसाठीं एक अभ्यास देऊन हा लेख पुरा करतों. तीन अंकी संख्यांवर कापरेकरांचा प्रयोग केल्यास शेवटीं नेहमीं ४९५ येतात. शून्यापासून ९९९ पर्यंत, सारख्या अंकांच्या वगळून, ९९० संख्या तपासण्याची आज्ञावली प्रथम सरळ मार्गानें लिहा. मग बीजगणितानें वजाबाकी मांडून पाहा, आणि खरोखर किती निरनिराळ्या तपासण्या कराव्या लागतात तें शोधा. उत्तर हाताच्या बोटांवर मोजण्यासारखें आहे. तें सांपडलें, म्हणजे संगणक बंद करून कागद घ्या, आणि हा सिद्धांत स्वतःच्या हातानें पडताळून पाहा.